भाकरी कोणत्या हातात होती

मी शाळेत शिकवत होते तेव्हा गोष्टींच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की बाकीच्या बाई कागद चांगला आहे का, अक्षर मोठं आहे का ते बघायच्या. मी चित्रांतले हात बघायची. कोण जेवतंय, कोण कुणाला काय देतंय, आणि कोणत्या हाताने. आमच्या हेडबाईंनी एकदा विचारलं, "तुम्ही एवढं काय शोधता त्या चित्रांत?" मी म्हटलं, छपाई बघते. त्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही आणि मलाही ते बरंच वाटलं.

माझे अब्बा नंदुरबारला कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरायचे. सागाचा तासलेला ठोकळा घ्यायचा, त्यावर पांढरी माती फासायची, नक्षी उतरवायची आणि बारीक छिन्नीने भोवतालचं लाकूड काढून टाकायचं. मग ठसा आठ-दहा दिवस तेलात बुडवून ठेवायचा. आमच्या घरात म्हणूनच कायम तेलाचा वास असे. अब्बांच्या ठशांत फुलं, वेली, कोयऱ्या आणि बुट्ट्या असत. माणूस किंवा जनावर त्यांनी उभ्या जन्मात कोरलं नव्हतं, कारण कापडावर कुणाला ते नको असे.

ही दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी मुलींच्या मराठी शाळेत चौथीत होते. तोवर मिलचं छापील कापड बाजारात इतकं आलं होतं की रंगाऱ्यांच्या गल्लीतले निम्मे हौद कोरडे पडले होते. हौद कोरडे तर ठसे कुणाला हवेत? अब्बा सकाळी दुकानाची फळी उघडायचे आणि जुनेच ठसे पुसत बसायचे. सुरतेहून मामांचं पत्र आलं होतं की इथल्या मिलमध्ये जागा आहे, सगळे निघून या. अम्मीने तेव्हापासून घरात एक नवी वस्तू आणली नाही. फुटलेली घागरसुद्धा तिने डांबर लावून चालवली. "जायचंच आहे तर ओझं कशाला," म्हणायची. सुरतेचं नाव निघालं की मी उठून बाहेर जायची, कारण मामांच्या मुली शाळेत जात नव्हत्या आणि तिथे गेल्यावर मीही जाणार नाही, हे मला कुणी न सांगताच कळलं होतं.

त्याच दिवसांत आमच्या गुरुजींनी एक पुस्तक लिहिलं. गुरुजी मूळचे देशावरचे, पण आधी तीन वर्षं वर धडगावच्या बाजूला अक्राणीच्या डोंगरात नोकरी करून आलेले. तिकडचं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. आमच्या वाचनाच्या पुस्तकांत जी मुलं होती ती बागेत फिरायला जायची, आईबापांना नमस्कार करायची आणि खरं बोलायची. त्यांच्या घरी दिवाणखाना असे. आम्ही ते धडे पाठ करायचो, पण दिवाणखाना म्हणजे काय ते आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. गुरुजी चिडायचे. म्हणायचे, "डोंगरातल्या मुलींनी महू वेचलाय, अस्वलाला भिऊन झाडावर चढल्यात, आणि पुस्तकात त्यांना दाखवायचं काय, तर कारंजं."

म्हणून त्यांनी डोंगरातल्या एका मुलीची गोष्ट लिहिली. महूची, म्हणजे मोहाची, फुलं वेचायला गेलेली मुलगी, आणि तीच फुलं खायला आलेलं म्हातारं अस्वल. मुलगी भितभित त्याला आपली अर्धी भाकरी देते आणि मग दोघं वाटणी ठरवतात की झाडाच्या या बाजूची फुलं तुझी, त्या बाजूची माझी. गोष्ट एवढीच होती. तिच्यात उपदेश नव्हता. आम्हाला वर्गात त्यांनी ती वाचून दाखवली तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

चित्रंही गुरुजींनीच पेन्सिलीने काढली होती. पाच चित्रं. मुलगी दगडावर बसून भाकरी खाते, अस्वल महूखाली उभं आहे, मुलगी अस्वलापुढे भाकरी धरते, मुलीची आई तिला निघताना कुंकू लावते, आणि अस्वल डोंगरात परत जातं. पण ती छापायची कशी? गावात एक छापखाना होता. तिथे लग्नपत्रिका आणि दुकानांचे कागद छापत. चित्राचे ठोकळे मुंबईहून करून आणावे लागत आणि तेवढं गुरुजींना शक्य नव्हतं. तेव्हा त्यांना अब्बांची आठवण झाली.

गुरुजी दुकानात आले तेव्हा मी तिथेच होते. ते म्हणाले, "चाचा, कापडावर छापता तसंच कागदावर. फक्त हात जरा बारीक चालवा." धुळ्याहून डिपोटी साहेब शाळा तपासायला येणार होते. त्यांना पुस्तक पसंत पडलं तर ते जिल्ह्यातल्या शाळांत बक्षीस म्हणून दिलं जाईल. छापखान्याचे शेठही म्हणाले होते की साहेबांनी पुस्तक पास केलं तर पुढचं सगळं चित्रांचं काम, पत्रिकांच्या वेलबुट्ट्या, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, सगळं याच कारागिराकडून करून घेऊ. अब्बांनी चित्रं हातात घेतली आणि खूप वेळ बघितली. मग विचार करून सांगतो म्हणाले. अम्मीला शंका होती, अस्वल आणि माणसं कोरलेली चालतील का? अब्बा मशिदीत विचारून आले. मुलींच्या शिक्षणासाठी आहे तर बघा तुम्ही, असं काहीसं गुळमुळीत उत्तर त्यांना मिळालं होतं, आणि अब्बांनी त्याचा अर्थ 'चालेल' असा घेतला.

त्या संध्याकाळी अम्मीने नवी घागर आणली. मी ती घागर बघितली आणि मला कळलं की आता सगळं या पाच ठशांवर आहे.

आता माझी चूक सांगते. चित्र ठशावर उतरवायचं काम माझं होतं. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे कागदाचं जे काही असेल ते माझ्याकडे येई. गुरुजींच्या चित्रावर तेल लावलेला पातळ कागद ठेवून मी रेघा गिरवल्या, मग त्या रेघांवर सुईने बारीक भोकं पाडली. तो कागद ठोकळ्यावर ठेवून वर कोळशाची पूड झटकली की भोकांतून ठिपके उमटत आणि अब्बा त्या ठिपक्यांवरून कोरत. आम्ही घरात मोडकी हिंदी बोलायचो, पण कामाचं बोलणं निघालं की अब्बा अहिराणीवर यायचे. पहिला कागद ठोकळ्यावर ठेवताना ते थांबले.

"कागद सुलटा ठेवू का उलटा?" त्यांनी विचारलं. "कपडाले काय, फूल इकडे देखो का तिकडे, फूलच शे. पन ही तर पोर शे."

मी म्हटलं, "सुलटाच ठेवा. गुरुजींनी जसं काढलंय तसंच दिसलं पाहिजे."

"तुले नक्की माहीत शे?"

"हो," मी म्हटलं. वरून हेही म्हटलं की पुस्तकाचं तुम्हाला काय कळतं. मी तेव्हा फार शहाणी होते. ठसा ज्या बाजूला तोंड करून असतो त्याच्या उलट तोंडाचा छाप उठतो, हे मी जन्मल्यापासून बघत आले होते. पण बघणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. माझ्यापुढे ठोकळा होता, ठोकळ्यावरची मुलगी हुबेहूब गुरुजींच्या चित्रासारखी दिसत होती, आणि मला वाटलं की झालं काम.

अब्बांनी अठरा दिवस कोरलं. अस्वलाचे केस त्यांनी असे कोरले की ठशावरून बोट फिरवलं तर खरखरत. मुलीच्या पायातलं कडंसुद्धा सोडलं नाही. गुरुजी दोनदा येऊन बघून गेले आणि दोन्ही वेळा म्हणाले, "अगदी माझंच चित्र." तेच तर चुकत होतं, पण ते त्यांनाही कळलं नाही. गुरुजींना पेन्सिलीचं माहीत, अब्बांना कापडाचं माहीत, शेठांना पत्रिकांचं माहीत. ठशाचं पुस्तक आमच्यात कुणीच केलेलं नव्हतं.

छापखान्यात ठसे द्यायला मी अब्बांबरोबर गेले. अक्षरांचे खिळे जुळवून तयार होते. त्यांच्यात ठसा बसवला, शाई फिरवली, दांडा ओढला आणि पहिला कागद उचलला. शेठ म्हणाले, "वा, चाचा." अब्बा हसले. मीही हसले. मग मी ते चित्र नीट बघितलं आणि मला काहीतरी टोचायला लागलं. मुलगी तीच होती, दगड तोच होता, पण ही आमची मुलगी वाटत नव्हती. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. मग मला दिसलं. तिच्या उजव्या हातात काही नव्हतं. ती डाव्या हाताने भाकरी खात होती.

पुढचा कागद निघाला. त्यात ती अस्वलाला डाव्या हाताने भाकरी देत होती. त्याच्या पुढच्यात तिची आई तिला डाव्या हाताने कुंकू लावत होती. नुसत्या अस्वलाची दोन चित्रं तेवढी ठीक होती.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. प्रत्येक चित्राचा एकेकच कागद निघाला होता, यंत्र थांबवता आलं असतं. पण डिपोटी साहेब चार दिवसांनी यायचे होते आणि तीन ठसे चार दिवसांत पुन्हा कोरून होत नाहीत, हे अब्बांची मुलगी म्हणून मला माहीत होतं. शिवाय अब्बा शेठांशी बोलत होते. लेबलाचा ठसा केवढा लागतो ते विचारत होते. कित्येक महिन्यांत मी त्यांना पुढच्या कामाबद्दल बोलताना बघितलं नव्हतं. मी तोंड मिटून उभी राहिले आणि दांडा पुन्हा ओढला गेला.

ते चार दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. मी स्वतःची समजूत घालत होते की कुणाला कळणार नाही. गुरुजींना कळलं नव्हतं. छापलेली पानं शिवून आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शुद्धलेखन तपासलं, मग आपलं नाव बघितलं, मग चित्रांवर नजर टाकून म्हणाले, "फार सुंदर." मोठी माणसं पुस्तकातली अक्षरं बघतात आणि चित्र आहे म्हटल्यावर पुढे जातात. माझी खरी भीती मुलींची होती. मुली चित्र बघतात तेव्हा त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. कुणाचं नाक वाकडं आहे, कुणाच्या झंपरला किती बटणं आहेत, सगळं. गुरुजींनी एक प्रत वर्गात ठेवली होती, ती मी मुद्दाम माझ्याजवळ घेऊन बसले. शेजारच्या मुलीने मागितली तर मी हात झटकला. ती म्हणाली, "तुन्हा बापनं पुस्तक शे का?" मी म्हटलं, हो. मग ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

घरी जेवतानाही माझं लक्ष हातांकडे जायचं. अब्बा उजव्या हाताने भाकरी मोडायचे, अम्मी उजव्या हाताने वाढायची. सगळं जग उजव्या हाताने चाललं होतं आणि माझी एक मुलगी तेवढी चुकीची होती. एकदा मला वाटलं की अब्बांना सांगावं. मी दुकानात गेले. ते एका कागदावर बाटलीएवढी चौकट आखत होते, तिच्यात काय काय बसेल ते बघत होते. मी पाणी ठेवलं आणि परत आले.

साहेब आले त्या दिवशी गुरुजींनी अब्बांनाही शाळेत बोलावलं होतं. अब्बा ईदचा कुर्ता घालून आले आणि ओट्यावर, जिथे पालक बसतात तिथे, अंग चोरून बसले. साहेबांनी आधी आमची गणितं घेतली, मग कविता म्हणवून घेतली. मग गुरुजींनी पुस्तक पुढे केलं. साहेब माणूस चांगला होता. त्यांनी पहिली दोन पानं मोठ्याने वाचली आणि ते हसले. म्हणाले, "गुरुजी, हे नवीन आहे. अस्वलाशी वाटणी." गुरुजींची छाती फुगली. मला वाटलं, सुटलो.

पण साहेबांना पुस्तक मुलीकडून बघून घ्यायचं होतं. त्यांनी पहिलीतल्या सगळ्यांत लहान मुलीला जवळ बोलावलं, पहिलं चित्र तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, "यात काय चाललंय, बाळ?"

ती म्हणाली, "पोर भाकर खाई ऱ्हायनी."

"शाबास."

"डावा हातघाई खाई ऱ्हायनी," ती म्हणाली.

वर्ग फिदीफिदी हसला. साहेबांनी चष्मा लावला. पुस्तक जवळ घेतलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. कुंकवाच्या चित्रापाशी ते थांबले. मग पुस्तक मिटून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि हळू आवाजात गुरुजींना म्हणाले, "मुलं जे बघतात तेच करतात. इथे आपण डाव्या हातावर छडी मारतो आणि पुस्तकात डाव्या हाताने कुंकू लावतो. मी हे कसं पास करू?"

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून आपली मूळ चित्रं काढली, पुस्तकाशेजारी धरली आणि त्यांना एकदम कळलं. ते ओट्याकडे वळले. "चाचा, हे ठसे उलटे कोरायला हवे होते. तुम्ही विचारलं का नाहीत?"

अब्बा उठून उभे राहिले. त्यांनी पुस्तक बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. फार नाही, एकदाच. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला वाटलं, आता ते सांगणार. सांगितलं असतं तर त्यात खोटं काय होतं?

"मन्ही चूक शे, साहेब," अब्बा म्हणाले. "मी कपडाना मानूस. माले कागदनं काम समजनं नई."

"कुणाला विचारायचं तरी," साहेब म्हणाले.

"मी कोनलेच विचारं नई," अब्बा म्हणाले.

मी काय केलं, ते लिहायला मला फार वर्षं लागली. मी रडले नाही, उठले नाही, काही बोलले नाही. माझा आवाज फुटला नाही असंही म्हणता येणार नाही, कारण मी तो काढून बघितलाच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. बाप सगळ्या शाळेसमोर खाली मान घालून उभा होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

साहेब म्हणाले, चित्रं सुधारून पुढच्या वर्षी पाठवा. पण पुढच्या वर्षासाठी कुणात उमेद उरली नाही. शेठांनी अब्बांना बोलावून घेतलं आणि गोड शब्दांत सांगितलं की लेबलं मुंबईहूनच आणलेली बरी. छापखान्यात उरलेली पानं रद्दीत गेली, आणि महिनाभर बाजारातून आणलेले चणे आणि खजूर आमच्या घरी त्याच मुलीच्या चित्रात बांधून येत होते. अम्मी पुडी सोडायची आणि कागद लगेच चुलीत घालायची.

अब्बांनी सुरतेला जायचं ठरवलं. मी धरून चालले होते की आम्ही सगळे जाणार. पण गुरुजी घरी आले. त्यांचा अब्बांवर राग होता, तरी माझ्यावर नव्हता. ते म्हणाले, पोरीला शाळेतून काढू नका, हिला सातवीच्या फायनल परीक्षेला बसवू, ही मास्तरीण होईल. म्हणून ठरलं की अब्बा एकटे जातील, अम्मी आणि मी इथे राहू. जाताना गुरुजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुझे वडील कारागीर म्हणून फार मोठे. पण जे येत नाही ते विचारलं नाही, तिथे चुकलं. तू हुशार आहेस. तू विचारत जा." मी मान हलवली.

अब्बांची गाडी दुपारची होती. अम्मी फलाटाच्या टोकाला, सावलीत थांबली होती. मी अब्बांबरोबर चालत होते, त्यांच्या हातात पत्र्याची पेटी होती. सिग्नल पडला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अब्बा, मी गुरुजींना सांगते."

"काय सांगशी?"

"की तुम्ही विचारलं होतं. मीच सुलटा म्हटलं. आणि छापखान्यात मला दिसलं होतं, तरी मी बोलले नाही."

छापखान्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते थांबले. पेटी खाली ठेवली आणि रुळांकडे बघत राहिले. गाडीचा धूर दिसायला लागला होता. मग ते म्हणाले, "मी साहेबले सांगं का मी कोनलेच विचारं नई. आते तू सांगशी तर मी खोटा पडसू. आनि तू इतला दिन गप ऱ्हायनी, तू बी खोटी पडशी." पेटी उचलून ते म्हणाले, "राहू दे. शाळा सोडू नको."

मी शाळा सोडली नाही. फायनल झाले, धुळ्याला ट्रेनिंग केलं, बत्तीस वर्षं मुलींना शिकवलं. अब्बा सुरतेच्या मिलमध्ये सुताच्या खात्यात होते. ईदला यायचे, पण छिन्नीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आमच्यात त्या पुस्तकाचा विषय कधी निघाला नाही. गुरुजी मात्र म्हातारपणी भेटले की दरवेळी म्हणायचे, "तुझ्या वडिलांनी एकदा विचारलं असतं तर," आणि मी दरवेळी गप्प बसायची. अब्बा गेले त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या थंडीत गुरुजीही गेले. आता खोटी पडायला मी एकटीच उरले आहे.